पुरा वाक्य

"पुरा वाक्य बोला!" असं म्हणत भाभी हातातलं लाटणं आमच्यावर रोखत. घर मारवाडी, शिक्षण इंदूरच्या कॉन्व्हेंटातलं आणि नांदणं धुळ्यात, त्यामुळे त्यांची मराठी जरा त्यांच्याच तऱ्हेची होती. इंग्रजी मात्र असं, की ऐकत राहावं. आमच्यापैकी कुणी नुसतं "येस" म्हटलं की लाटणं वर गेलंच म्हणून समजा.

"येस काय येस? मान तर गाय पण हलवते. येस, आय हॅव हॅड माय लंच. पुरा बोला. अर्धा वाक्य टाकून उठायचं नाही."

लाटणं कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. तर आमचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग पापड लाटता लाटता चालायचा. हसू नका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे ही. कॉलेज संपत आलेल्या आम्ही चार-पाच मुली, बँकेत नाहीतर टेलिफोनमध्ये चिकटायची स्वप्नं बघत होतो, आणि मुलाखतीत तर इंग्रजी बोलावं लागतं. लिहायला यायचं हो सगळं. तोंड उघडलं की संपलं.

चार नंबरच्या गल्लीत भाभींच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानामागे घर, आणि घरावर लाकडी फळ्यांची माडी. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, भाईसाब गल्ल्यावर पेंगायचे, तेव्हा आम्ही माडीवर जमायचो. पण बिनकामाच्या मुली वर बसून खिदळतात हे भाभींच्या सासूला कसं चालावं? म्हणून पापड. पापड लाटायला मुली येतात, असं खाली सांगितलेलं होतं. खोटं नव्हतंच ते. मुगाचे इतके पापड लाटलेत मी त्या माडीवर, की आजही पोळपाट पुढे घेतला की तोंडात इंग्रजीच येतं.

सासूला सगळे माजी म्हणायचे. माजींचे गुडघे गेलेले. पलंग सोडून त्यांना उठता येत नव्हतं, आणि तो पलंग होता बरोबर आमच्या माडीखाली. उशाशी कपडे वाळत घालायची लांब काठी. सून हवी असली की माजी पडल्या पडल्या ती काठी वरच्या फळ्यांवर आपटायच्या. टक, टक, टक.

आता हे नीट डोळ्यांपुढे आणा. भाभी शिकवताना रंगात आल्या की डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरायचा. चेहरा उजळायचा, हात चालायचे, वय दहा वर्षांनी कमी व्हायचं. आणि खालून टक, टक, टक. तोंडातला शब्द तिथंच. हात पदराकडे, पदर डोक्यावर, "एक्सक्यूज मी," आणि बाई जिन्यावर. पुरं वाक्य बोला म्हणून आमच्या मानगुटीवर बसणाऱ्या या बाईचं स्वतःचं वाक्य मात्र क्वचितच पुरं व्हायचं.

खाली काम काय असायचं? खिडकी लाव. चष्मा कुठे गेला. कावळा ओरडतोय, हाकल. एकदा तर माजींनी बोलावून नुसतं विचारलं, "बींदणी, तू है के?" सुनेला त्यांच्यात बींदणी म्हणतात. म्हणजे, सूनबाई, आहेस ना? आहे म्हटल्यावर, जा. भाभींनी वर येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "डरती है बेचारी. एकटीला भीती वाटते." म्हातारी दुष्ट असती ना, तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

भांडण हा भाभींचा आवडता धडा. "राग आला की वाक्य आपोआप येतो," असं त्यांचं म्हणणं. मग दोघींना समोरासमोर उभं करायच्या. ही नळावर आधी आली, तिने घागर पुढे सरकवली. भांडा! एरवी तोंडातून ब्र न काढणारी आमची एक मैत्रीण एकदा अशी पेटली, "यू आर अ शेमलेस वुमन अँड युवर होल फॅमिली इज शेमलेस!" भाभींनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! पुरा वाक्य!" कधी त्या डॉक्टर व्हायच्या, कधी स्टेशनमास्तर, कधी भरताची वांगी विकणारी. आम्हाला वाट्टेल तिथे नेऊन आणायच्या, आणि स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा भाईसाबांना विचारून जायच्या. भाईसाब साधा माणूस. त्यांचं उत्तर ठरलेलं, "माँ को पूछ लो."

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमचं घर बौद्ध, वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. पहिल्याच आठवड्यात मला तहान लागली, तर भाभींनी आपल्या हातातला पेला भरून पुढे केला. घरातली मोलकरीण ते बघून खाली गेली, आणि काठी अशी वाजली की पोळपाट हादरले. माझ्या हातातला पेला तसाच राहिला. भाभी पदर घेऊन खाली गेल्या. खालचं बोलणं ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा तोंड लाल झालेलं, पण आवाज शांत.

"मी खाली पुरा वाक्य सांगून आले," त्या मला म्हणाल्या. "ही माझी विद्यार्थिनी आहे, आणि ती याच पेल्याने पाणी पिणार. पी."

मी प्यायले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी जीव द्यायला तयार होते. घरी येऊन आईला त्यांचं कौतुक सांगताना मला दिवस पुरायचा नाही. आई अस्सल खान्देशी, एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "तुन्या भाभीले इतलं इंग्रजी येस, मंग ती घरमा का बशेल शे?" मला आईचा असा राग आला म्हणून सांगू!

उत्तर भाभींनीच शोधलं. जळगावला इंग्रजी माध्यमाची नवी शाळा निघत होती, आणि इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बाई हव्यात अशी जाहिरात पेपरात आली होती. त्यांची नणंद जळगावलाच राहायची. आठवडाभर तिच्याकडे राहायचं, शनिवारी धुळ्याला यायचं. मुलगा आजोळी इंदूरला शिकत होता. माजींजवळ दिवसभर बसायला एक बाई बघून ठेवली. सगळं जुळवून त्यांनी भाईसाबांपुढे ठेवलं. भाईसाब म्हणाले, "माँ को पूछ लो." त्यांनी विचारलं. माजी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जा, जाऊन ये. घेतात का बघ." बहुतेक घेणार नाहीत अशी त्यांची खात्री असावी.

मग काय, आमच्या माडीवर मुलाखतींचा धडाका सुरू झाला. आम्ही पोळपाट मांडून साहेब झालो आणि भाभी आमच्यापुढे उमेदवार. नाव, गाव, शिक्षण फटाफट व्हायचं. शेवटचा प्रश्न विचारायचा मान माझा. "व्हाय डू यू वाँट धिस जॉब?"

भाभी ताठ बसायच्या. "आय वाँट धिस जॉब बिकॉज..."

टक, टक, टक.

अहो, माजींना काय माहीत आम्ही वर काय बोलतो! पण नेमकी त्याच जागी काठी वाजायची. बिकॉजच्या पुढे काय आहे ते आम्हाला कधी कळलंच नाही. "भाभी, बिकॉज माजी!" म्हणून आम्ही चिडवायचो. त्या हसून म्हणायच्या, "जळगावपर्यंत काठी नाही पोचत. तिथं पुरा बोलेन."

बाई माणसाने एकटं कसं जायचं, म्हणून सोबतीला मला घेतलं. सकाळची एस.टी. पारोळा मागे पडलं, खिडकीतून वारा आला आणि भाभींचा पदर खांद्यावर आला. त्यांनी तो परत घेतला नाही. मी कधी पाहिला नव्हता त्यांचा चेहरा असा, उघड्यावर, उन्हात. मजा म्हणून कंडक्टरला म्हणाल्या, "एरंडोलला गाडी किती वेळ थांबते, सांगू शकाल काय प्लीज?" आणि तेच पुन्हा इंग्रजीतून. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "ताई, गाडी जळगावलेच जास, लंडनले नही." आख्खी गाडी हसली. भाभी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

शाळेला अजून रंगाचा वास होता. घंटासुद्धा आलेली नव्हती. मुलाखतीच्या खोलीला दार होतं, पण ते उघडंच. बाहेरच्या बाकावर मी कान देऊन बसले. आत भाभींचा आवाज काय लागला होता! आमच्या माडीवरचाच, पण मोकळा. समोरची मंडळी मध्येच हसत होती. एक जण तर म्हणाला, "मॅडम, आम्हालाच आता तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते." मी मनात म्हटलं, झालं काम.

मग तो प्रश्न आला. "व्हाय डू यू वाँट धिस जॉब?"

"आय वाँट धिस जॉब बिकॉज..."

अध्यक्षांना चहा हवा होता. शिपायाला बोलावायचं तर घंटा नाही. त्यांनी टेबलावरचा डस्टर उचलला आणि लाकडावर आपटला. टक, टक, टक.

मी बघत होते. भाभींचा हात पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला. "एक्सक्यूज मी," म्हणून त्या उठल्या आणि खोलीतून बाहेर, माझ्या समोरून, पायऱ्या उतरून सरळ चालत्या झाल्या. मी "भाभी, भाभी" करत मागे धावले. फाटकाशी त्या थांबल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. खाली जायचं होतं ना त्यांना. पण खाली काही नव्हतंच, नुसता रस्ता.

"मी उठले?" त्यांनी मला विचारलं.

"हो भाभी. चला परत, लवकर चला."

"मी कशी उठले गं?"

हाताला धरून मी त्यांना परत नेलं. तोवर दुसऱ्या बाई आत जाऊन बसल्या होत्या. शिपाई म्हणाला, "साहेब म्हणतात, कळवू." दारात उभ्या राहून भाभींनी काही बोलायला तोंड उघडलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला, माझ्या पाण्यासाठी बोललात तसं आता स्वतःसाठी एकदा बोला. त्यांनी तोंड मिटलं. "चल," म्हणाल्या, "गाडी चुकेल."

परतीच्या वाटेवर पदर डोक्यावरून हलला नाही. शाळेनं काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी माजींनी विचारलं, तर भाभी म्हणाल्या, "नाही घेतलं." वर्ग चालू राहिला. भाभी शिकवायच्या तसंच, पण लाटणं वर जाईनासं झालं. आम्ही नुसतं "येस" म्हटलं तरी चालू लागलं. मला त्याचंच फार वाईट वाटायचं.

त्यांनी घासून घेतलेल्या जिभेवर मला टेलिफोनमध्ये नोकरी लागली. आमच्यातली एक बँकेत गेली, बाकीच्या लग्न होऊन कुठे कुठे गेल्या. माझं काम काय, तर ट्रंक कॉल जोडायचे आणि वेळ भरली की लोकांची वाक्यं मध्येच तोडायची. पहिल्या दिवशी तोडताना मला भाभी आठवल्या. नंतर सवय झाली.

बऱ्याच वर्षांनी माजी गेल्याचं कळलं. काही दिवस जाऊ दिले आणि भेटायला गेले. पलंग उभा करून भिंतीला लावला होता. लांब काठीवर भाईसाबांची धोतरं वाळत घातली होती. भाभी मला माडीवर घेऊन गेल्या. केस पांढरे झालेले, पण मला बघून खुलल्या, आणि बोलता बोलता पदर खांद्यावर आला. त्यांनी मैत्रिणींची चौकशी केली, आम्ही त्या शेमलेस फॅमिलीवर हसलो. घरात इतकी शांतता की दुकानातलं भांडं वाजलं तरी ऐकू यावं.

"आता कोणी बोलवत नाही," भाभी म्हणाल्या. "वेळच वेळ आहे."

मला राहवलं नाही. एवढी वर्षं मनात धरून ठेवलेलं मी विचारलं. "व्हाय डिड यू वाँट दॅट जॉब, भाभी?"

त्या चमकल्या. मग मांडी सावरून ताठ बसल्या, मुलाखतीला बसायच्या तशा.

"आय वाँटेड दॅट जॉब बिकॉज..."

भाभी माझ्याकडे बघत होत्या, पण कान खाली लागले होते. त्या थांबल्या. मीही थांबले. खालून काही वाजलं नाही. त्यांचे ओठ एकदा हलले आणि मिटले. मग हात पदराकडे गेला.

"एक्सक्यूज मी," त्या म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन जिना उतरू लागल्या. खाली घरात कोणी नव्हतं.