फोटोसाठी उतरवलेलं सोनं
सरकारी मदत घेताना माणसाने गरीब दिसलंच पाहिजे, असं तुम्हालाही वाटतं का? सुकटीचा वास आला की मला पनवेलमधली ती सकाळ आठवते. गोदामातली नोकरी गेल्यावर आमच्या काकीने सुक्या मासळीचा धंदा मांडला होता आणि तो चालेपर्यंत सरकार तिला दरमहा भत्ता देणार होतं. भत्त्याच्या कागदपत्रांसाठी सरकारी साहेब तिचा फोटो काढायला येणार म्हणून ती सणासारखी नटली होती. "मावशी, सोनं उतरवा. असा फोटो वर गेला तर भत्ता अडेल," साहेब म्हणाले. "सायेब, गरीब दिसलं तं मासली कोन घेल माजी?" ती हसली, पण गळ्यातलं काढून तिने माझ्याकडे दिलं. एरवी लोकांना त्यांच्या हक्कांची पत्रकं वाटणारा मी ते मुकाट्याने धरून उभा राहिलो. आजही त्या आठवणीने मान खाली जाते. तुमच्यासमोर कुणी कुणाला असं सांगितलं, तर तुम्ही तरी तिथल्या तिथे बोला.