बॉबिनची साक्ष

सोमवारी सकाळी कानसेन पाणथळीवर पोचले, तेव्हा मचाणाखालच्या फळ्यावर आधीच एक ओळ होती.

‘बॉबिन. ऐकला. ६ वाजून १० मिनिटे. पूर्वेचं बोरूचं बेट.’

खाली नाव. अक्षर गोल आणि ठसठशीत. ते त्यांच्या मेहुणीचं होतं.

त्यांनी ओळ दोनदा वाचली. फळ्याखाली साचलेली खडूची भुकटी बोटाने उगाच पुसली. मग बाकावर बसले आणि बराच वेळ दुर्बीण गळ्यात तशीच ठेवली.

बॉबिन नावाचा पक्षी पुस्तकात सापडत नाही. पुस्तकात त्याला वटवट्यांच्या कुळात घातलं आहे आणि एक लांबलचक नाव दिलं आहे. रंग तपकिरी, आकार मुठीत मावेल एवढा. वसंत लागला की तो कुठून तरी लांबून येतो, बोरूत शिरतो आणि दिसेनासा होतो. मग फक्त गातो. गातो म्हणजे एकच बारीक सूर धरून बसतो, मिनिट मिनिट सोडत नाही. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना होतो तसा आवाज. हे नाव कानसेनांनीच ठेवलं होतं. त्यांना नाही सुचणार तर कुणाला? ते चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करत होते.

त्यांचं दुकान दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं. भिंतीला मशीनं, मशीनांखाली डबे, डब्यांत स्क्रू. कुणी मशीन आणलं की ते आधी उघडत नसत. चालवत. डोळे मिटत. “शटल सैल आहे,” म्हणत. नाहीतर, “पट्टा नाही हो बिघडलेला, तुम्ही तेल चुकीच्या भोकात घालताय.” आणि ते खरं निघे. पाणथळीवरच्या मंडळींनी म्हणूनच त्यांना कानसेन म्हणायला सुरुवात केली. पुढे घरचेही म्हणायला लागले.

मंडळी मोजून सहा. त्यांची एक रीत होती. वसंतातला पहिला बॉबिन ज्याने टिपला, त्याने फळ्यावर लिहायचं. मात्र एकट्याचं चालत नाही. आठवडाभरात दुसऱ्या कुणी तरी तो टिपून त्याच ओळीखाली सही करायची, म्हणजे साक्ष. शनिवारी संध्याकाळपर्यंत साक्ष नसेल तर ओळ पुसली जाई. आणि रविवारी बदकांची वार्षिक मोजणी असे. त्या मोजणीत बांधावरून सगळ्यांच्या पुढे कोणी चालायचं? ज्याचं नाव फळ्यावर, त्याने.

एकोणीस वर्षं कानसेन पुढे चालले होते. हे विसावं.

आणि या मेहुणीला पाणथळीवर आणलं कोणी? त्यांनीच. तीन वर्षांपूर्वी ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि शेजारच्या गल्लीत राहायला आली. रोज सकाळी येऊन बहिणीला स्वयंपाक शिकवू लागली. बायको टेकीला आली. “अहो, हिला कुठे तरी घेऊन जा. पाण्यात ढकलून आलात तरी चालेल.” ते घेऊन गेले. जुनी दुर्बीण दिली. थापट्या बदकाची चोच कशी ओळखायची ते शिकवलं. टिबुकली बुडाली की किती मोजेपर्यंत वर येते ते शिकवलं. बॉबिनचा आवाज शिकवायला तर दुकानात नेलं आणि रिकाम्या मशीनवर बॉबिन भरून दाखवली. गुरूची विद्या गुरूलाच फळली, दुसरं काय!

सोमवारी दुपारी मेहुणी नेहमीसारखी जेवायला आली.

“भावोजी, फळा पाहिलात?”

“पाहिला.”

“मग?”

“मग काय? भाजी वाढ.”

बायकोने दोघांकडे पाहिलं. “ताटात पक्षी नकोत हं मला.”

“ताई, अगं पहिला बॉबिन मी ऐकला! भावोजींच्या आधी!”

“म्हणूनच आज भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार आहे होय,” बायको म्हणाली.

कानसेन म्हणाले, “बॉबिन एवढ्यात येत नाही. अजून चार-पाच दिवस आहेत. टोळ असेल.”

“एवढ्या थंडीत टोळ?”

“टोळाला काय कॅलेंडर असतं?”

मेहुणी हसली. तिच्या हसण्याने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, “उद्या चला माझ्याबरोबर. तुमच्याच कानावर घालते.”

मंगळवारी दोघं पूर्वेच्या बेटापाशी उभे राहिले. धुकं पाण्यापासून वीतभर वर होतं. बदकं कुरबुरत होती. लांबच्या रस्त्यावरून एक ट्रक गियर बदलत गेला. कानसेनांना तो गियरही नीट अडकलेला नाही हे कळलं.

मेहुणीने बोट वर केलं. “हा बघा.”

त्यांनी कान टवकारले. बोरूची सळसळ. टिबुकलीची डुबकी. मेहुणीच्या जाकिटाची चेन.

“कुठे?”

“अहो समोर! थांबतच नाहीये मेला.”

“तू जरा हलायची थांब.”

ती थांबली. ती ऐकत होती. तिचा चेहरा मऊ झाला होता, गाणं ऐकताना होतो तसा. कानसेनांनी तो चेहरा पाहिला आणि ठरवलं की ही नाटक करतेय. तिला रविवारी पुढे चालायचं आहे.

“काही नाही,” ते म्हणाले. “वारा आहे.”

“भावोजी!”

“एकोणीस वर्षं ऐकतोय मी. मला शिकवू नकोस.”

परतताना ती दहा पावलं मागे चालत होती.

फळा सांभाळायचे मास्तर. भूगोलाचे, निवृत्त. कानात यंत्र, मांडीवर चहाचा थर्मास. ते फक्त बदकं मोजत, गाणारे पक्षी त्यांनी कधीच सोडून दिले होते. बुधवारी कानसेन त्यांना म्हणाले, “त्या ओळीचं काही खरं नाही. नव्या माणसाला भास होतात.”

“तुम्ही म्हणता तर तसंच,” मास्तर म्हणाले. “शनिवारी पुसू.”

बाकावर मंडळींतला बेकरीवाला बसला होता. तो खाली बघत म्हणाला, “मलाही काल ऐकल्यासारखं वाटलं होतं. पण तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे नसेलच.”

कानसेनांना हे ऐकून बरं वाटलं. खूप बरं वाटलं. लोक स्वतःच्या कानापेक्षा त्यांच्या कानावर विश्वास ठेवत होते. त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्याच दिवशी दुकानात एक शिंपीणबाई मशीन घेऊन आली. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोष सापडत नव्हता. कानसेनांनी हँडल फिरवलं. अर्ध्या मिनिटात सांगितलं, “आतला दात झिजलाय. डावीकडचा.” उघडून पाहिलं, तर डावीकडचाच. बाई गेल्यावर ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, “हे कान खोटं बोलतील?”

शुक्रवारी ते उजाडायच्या आत निघाले. मेहुणी यायच्या आत. आजचा दिवस हुशारीने वापरायचा होता. बॉबिन आज येईल, आपण ऐकू, बेकरीवाला साक्ष देईल आणि उद्या तिची ओळ पुसली जाईल. सगळा हिशोब बसला होता.

पूर्वेच्या बेटासमोर ते ओल्या फळकुटावर बसले. उजेड झाला. तासभर बॉबिनचा सूर काही ऐकू आला नाही. मग पंधरा पावलांवर बोरूची एक काडी वाकली आणि तिच्या टोकाशी तपकिरी ठिपका चढत आला.

त्यांनी दुर्बीण लावली.

बॉबिनच. पाठीवरच्या रेघा मोजता येत होत्या. एकोणीस वर्षांत इतक्या जवळून त्यांनी तो दोनदाच पाहिला होता. पक्ष्याने मान वर केली. चोच उघडली. आतला पिवळा रंग दिसला. गळा थरथरू लागला, शेपटीपर्यंत सगळं अंग थरथरू लागलं. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती.

आवाज नव्हता.

आजारी असेल, असं त्यांना आधी वाटलं. ते थांबले. पक्ष्याने चोच मिटली, दम घेतला, पुन्हा उघडली. गळा पुन्हा थरथरला. मागे बदकं कुरबुरत होती, तीही ऐकू येत होती. रस्ताही ऐकू येत होता. फक्त समोरचा तो एक गळा मुका होता.

मग त्यांना थर्मामीटर आठवलं.

हिवाळ्यात ताप आला होता. थर्मामीटर तोंडात धरून ते दहा-दहा मिनिटं बसत. बायको आतून ओरडे, “कधीची वाजली ती बीप!” ते म्हणत, “वाजली नाही.” दोनदा सेल बदलले. शेवटी बायको म्हणाली होती, “तुम्हाला ना, हवं तेवढंच ऐकू येतं.” त्यावर ते हसले होते.

मशीनचा आवाज जाड असतो. बॉबिनचा बारीक, थर्मामीटरचाही बारीक. जाड तेवढं कानात शिल्लक होतं आणि त्या जोरावर ते साऱ्या जगाला खोटं ठरवत होते.

ते मचाणाकडे आले. फळ्यासमोर उभे राहिले. आसपास कुणी नव्हतं. ‘बॉबिन. पाहिला.’ आजची तारीख, आपलं नाव, एवढं लिहिलं की झालं. यात खोटं काहीच नव्हतं. बेकरीवाल्याने सही केलीच असती. तिची ओळ उद्या पुसली जाणार होती, आणि ती पुसायला त्यांना हातही लावावा लागणार नव्हता. त्यांनी खडू उचलला. त्यांना मेहुणीचा मंगळवारचा चेहरा दिसत होता. ते नाटक नव्हतं. त्या क्षणी ती तिथे होती आणि ते नव्हते. त्यांना तिचा हेवा वाटला.

त्यांनी तिच्या ओळीखाली सही केली. साक्षीदार सहसा ‘ऐकला’ लिहितात. त्यांनी ‘पाहिला’ लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

मास्तर आले. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“कानसेन, पाहिला? ऐकला नाही?”

“नाही.”

मास्तरांनी स्वतःच्या कानातल्या यंत्राला हलकेच बोट लावलं. थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. शनिवारी मेहुणी आली ती थेट स्वयंपाकघरात. बहिणीशी कुजबुजली. बायको बाहेर आली आणि नवऱ्याच्या ताटात न मागता आणखी भाजी वाढून गेली. त्यावरूनच त्यांनी ओळखलं, की दोघींना कळलंय.

रविवारी मोजणी. बांधावर सहाजण रांगेत उभे राहिले. मेहुणी मागे रेंगाळली. “भावोजी, तुम्ही चला ना पुढे.”

“रीत आहे ती. हो पुढे.”

ती पुढे झाली. ते तिच्या मागे. एकोणीस वर्षं त्यांनी या बांधावर कुणाची पाठ पाहिली नव्हती. तिची चाल त्यांना आवडली नाही. फार हळू. जुनी दुर्बीण चुकीच्या खांद्यावर. थापट्यांच्या थव्यात तिने एकतीस मोजले. ते चौतीस होते. ते चौतीस म्हणाले, जरा मोठ्यानेच.

पूर्वेच्या बेटापाशी ती थबकली. बोट वर गेलं. मग तिला आठवलं असावं, कारण बोट तिने घाईने खाली घेतलं.

“गातोय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

मागची मंडळीही थांबली.

“कसा गातोय?”

“तुम्हीच शिकवलंत की. बॉबिन भरल्यासारखा.”

“ते माहीत आहे मला. बॉबिन रिकामी असताना वेगळी वाजते, भरत आल्यावर वेगळी. आता कशी वाजतेय?”

तिने डोळे मिटले. अगदी त्यांच्यासारखे. त्यांना त्या मिटलेल्या डोळ्यांचा राग आला, आणि तरी ते तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवेनात.

“नुकती भरायला घेतलीय,” ती म्हणाली. “दोरा अजून पुष्कळ आहे.”

“बरं,” कानसेन म्हणाले. “मग चल आता. आणि दुर्बीण उजव्या खांद्यावर घे. बदकं मोजायचीत.”