पौर्णिमाबाईंचे बावीस दिवस

पौर्णिमाबाई थूल मुळातच बोलक्या. सेलूला माहेरी होत्या तेव्हा दळण आणायला गेल्या की पिठाबरोबर अर्ध्या गावाच्या बातम्या घेऊन यायच्या. वडील म्हणायचे, "या पोरीले रेडिओत नोकरी लावून द्या." रेडिओत काही नोकरी लागली नाही, लग्न मात्र शिक्षकाशी लागलं. शिक्षकाच्या बायकोचं दुखणं काय असतं ते तिलाच ठाऊक. देवानंद थूल सर दिवसभर शाळेत घसा फोडून शिकवायचे आणि संध्याकाळी आंजीला घरी आले की खुर्चीत टेकून हात वर करायचे. "दिवसभर बोलूनच येतो ना मी. घरी तरी गप्प राहू दे." तीस वर्षं पौर्णिमाबाई दोघांच्या वाटचं एकट्या बोलल्या.

शाळा आंजीपासून सात किलोमीटरवर, दोन शिक्षकांची. चौथीचा वर्ग सरांकडे. आसपासच्या शाळांचं जे केंद्र, त्यातल्या बाकी शाळांत लॅपटॉप कपाटात झोपलेले असायचे, सरांचा मात्र रोज चालायचा. गावकऱ्यांनी प्रोजेक्टर घेऊन दिला तेव्हा सरांनी भिंतीचा एक चौकोन स्वतः पांढरा रंगवला, खिडकीवर सतरंजी टांगून अंधार केला. मग त्या चौकोनात बेडकाची पिल्लं शेपूट टाकून उड्या मारायला लागली, नकाशातली वर्धा नदी वरून खाली निळी होत जाऊ लागली. एकेका स्लाइडवर सर घरी दोन दोन तास बसत. पौर्णिमाबाई चहा ठेवायला गेल्या की मान वर न करता "हं" म्हणत. तेवढंच त्यांचं संभाषण.

सरांचं सगळ्यात गाजलेलं सादरीकरण होतं 'तंबाखूमुक्त शाळा'. केंद्रात पहिलं आलं. शेवटच्या स्लाइडवरचा सडलेला जबडा पाहून पोरं डोळे झाकायची. आणि टाळ्या घेत उभ्या असलेल्या सरांच्या पँटच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी होती! कपडे धुणाऱ्या बाईपासून काय लपतं? पुडी पहिल्यांदा सापडली तेव्हा सरांनी हात जोडले होते. "कोणाले सांगजो नको. शाळेत समजलं तर तोंड दाखवाले जागा राह्यणार नाई." आंजीभर सगळ्यांचं सगळं सांगत फिरणाऱ्या पौर्णिमाबाईंनी ही एकच गोष्ट एकोणीस वर्षं गिळून ठेवली. चौकात उभं राहून तेव्हाच बोंब मारली असती तर बरं झालं असतं, असं आता त्यांना रोज वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात सरांचा आवाज बसला तो उठलाच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि समोर बसवून सांगितलं: कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज कायमचा जाईल, श्वास गळ्याच्या छिद्रातून घ्यावा लागेल. ऑपरेशनची तारीख बावीस दिवसांनंतरची होती.

येताना बसमध्ये सर खिडकीबाहेर पाहत होते. पौर्णिमाबाईंना वाटलं, हे बावीस दिवस आपले. आता बोलतील. लग्नात का हसले नव्हते ते सांगतील, तिकडे पुण्याला असलेल्या मुलाबद्दल, ऋतिकबद्दल काही बोलतील, भीती वाटते म्हणतील. बसनं पवनार ओलांडल्यावर सर म्हणाले, "चौथीच्या सगळ्या धड्यांत आवाज भरून ठेवतो. वर्ष तरी निभावून जाईल."

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. सर आतल्या खोलीत, कॉलरला छोटा माइक लावून, लॅपटॉपसमोर. स्लाइडवर स्लाइड, प्रत्येक स्लाइडवर त्यांचा आवाज. प्रश्न विचारायचा, मग बोटांवर मोजत तेवढा वेळ कोरा सोडायचा, पोरांना उत्तर देता यावं म्हणून. मग म्हणायचं, "शाब्बास." माइक तिखट कानाचा होता. बाहेर कावळा ओरडला तरी स्लाइड पुन्हा. पहिल्याच दिवशी कूलरची घरघर आत आली. मग कूलर बंद. वर्ध्याचा मे महिना, पारा सेहेचाळीसला टेकलेला, आणि घरात पंखासुद्धा नाही!

पौर्णिमाबाईंनी कुकर उचलून माळ्यावर टाकला. वरण पातेल्यात शिजायला लागलं. दारावर येणाऱ्या भाजीवालीला अंगणातूनच हातानं खुणावून पुढं पाठवायच्या. ओलं फडकं डोक्यावर घेऊन आतल्या खोलीच्या दाराबाहेर बसायच्या, मधेच काही लागलं तर म्हणून. चौथ्या दिवशी पाण्याचा गिलास देताना बांगड्या वाजल्या आणि सरांनी कपाळाला हात लावला. पौर्णिमाबाईंनी तिथंच बसून दोन्ही हातांतल्या बांगड्या काढल्या.

शेजारच्या रुख्माबाईंनी ते पाहिलं. "काऊन वं पौर्णिमा, हात उघडे काऊन? नवरा जिता हाय ना अजून!" पौर्णिमाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या दाराकडे दाखवलं. रुख्माबाई तोंडात पदर धरून निघून गेल्या. सरांच्या मात्र ते उघडे हात लक्षातही आले नाहीत. धडा संपवून बाहेर यायचे तेव्हा घशातून शब्द निघत नसे. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलं होतं, आणि होतं नव्हतं ते त्यांनी आत लॅपटॉपला देऊन टाकलेलं असे. हातानंच खुणावून जेवायला मागायचे. असे बावीस दिवस गेले. नवऱ्याचा आवाज जिवंत होता त्या शेवटच्या दिवसांत पौर्णिमाबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत, कारण तो आवाज स्वच्छ भरला जायला हवा होता.

ऑपरेशन नीट झालं. शाळा उघडली तेव्हा सर दवाखान्याच्या फेऱ्यांत होते. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका अंकिता मॅडम चौथीला स्लाइड लावून देत. सर दिसत नसले तरी ऐकू येत होते, पोरं खूश होती.

घरी सरांनी पाटी घेतली होती. पौर्णिमाबाईंनी बरेच दिवस मनात घोळवून एकदा विचारलं, "माह्यासाठी काई भरून ठेवलं काय?"

सरांनी आश्चर्यानं पाहिलं. पाटीवर लिहिलं, 'तुला वेगळं काय सांगायचं?'

लिहिण्यात खोट नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच पौर्णिमाबाईंच्या जिव्हारी लागलं. तरी आशा सुटेना. गल्लीत राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या काजलला बोलावून त्यांनी पेन ड्राइव्हमधले त्रेसष्टही धडे ऐकायला घेतले. कुठंतरी चुकून राहिलं असेल. 'चहा ठेव', 'दार लाव', काहीही. तीन दुपारी ऐकलं. काजल म्हणाली, "काकू, सरचं काम एकदम क्लीन आहे. काईच नाई राह्यलं." पौर्णिमाबाईंनी मान हलवली. क्लीन कुणी ठेवलं होतं ते त्यांना माहीत होतं. काजल गेल्यावर त्या मोरीत जाऊन पोटभर रडल्या, आणि तेही सवयीनं बिनआवाजी.

दसऱ्यानंतर सर शाळेत रुजू झाले. स्लाइड लावायची, पोरांकडे पाहायचं, एखादं जास्त वेळ घेत असेल तर बटण दाबून स्वतःचाच आवाज थांबवून धरायचा, एवढं शिकवणं त्यांच्या हातात उरलं होतं.

एके सकाळी ते गळ्यावरचा जाळीचा रुमाल घरीच विसरले. सोयाबीन काढणीचे दिवस, रस्ताभर धूळ. छिद्रात कण गेला की खोकून खोकून जीव निघायचा. पौर्णिमाबाई रुमाल घेऊन मिळेल त्या ऑटोनं शाळेत पोचल्या. तास सुरू झालेला. अंकिता मॅडम कुजबुजल्या, "काकू, पंधरा मिनिटं मांगं बसा ना." दारातच सरांच्या हातात रुमाल देऊन त्या अंधारात सतरंजीवर पोरांच्या मागे टेकल्या.

भिंतीवर मोठा कान दिसत होता. सरांचा घोगरा आवाज आला. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. अगदी शांत बसा. काय काय ऐकू येते ते सांगा."

आणि आवाज थांबला.

पोरांनी डोळे मिटले. गावातली चक्की ऐकू येत होती. बकरी ओरडली. लांबून ट्रॅक्टर. पौर्णिमाबाईंनीही डोळे मिटले, पण त्यांना चक्की ऐकू आली नाही. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. यात बंद कूलर होता, माळ्यावरचा कुकर होता. दाराबाहेर उघड्या हातांनी श्वास रोखून बसलेली बाई होती. काजलबरोबर ऐकताना त्या शब्दच शोधत राहिल्या. या कोऱ्या जागांकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

"चक्की!" "बकरी, सर!" "टॅक्टर!" पोरं ओरडली.

"शाब्बास," लॅपटॉप म्हणाला. "अजून कोणाले काही ऐकू आलं?"

पुन्हा शांतता. पोरांचं सांगून झालं होतं.

"मी होती तिथं," पौर्णिमाबाई म्हणाल्या. आवाज त्यांनाच मोठा वाटला. "दाराच्या मांगं. मी होती."

"शाब्बास," सरांचा आवाज म्हणाला. "चला, पुढं जाऊ."

स्लाइड पुढं सरकली. सरांचा हात बटणावर पडला, पण उशीर झाला होता. भिंतीवर आता वाजणाऱ्या घंटेचं चित्र थांबून राहिलं. पोरं मागे वळून पाहत होती. सर उठले, वाट काढत मागे आले, पौर्णिमाबाईंसमोर खाली बसले. त्यांनी बायकोचे हात धरले, मनगटं पाहिली. तिथं आता हिरव्या बांगड्या होत्या, पण सर असे पाहत राहिले जणू त्या नव्हत्याच.

मग त्यांनी तोंड उघडलं. पाटी टेबलावर राहिली होती. ओठ हलले, बराच वेळ हलले. रुमालाखालून नुसती हवा येत राहिली.

पौर्णिमाबाई हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत. पोरांसाठी सर सोडायचे तेवढा वेळ त्यांनी सोडला, आणि त्यानंतरही वाट पाहिली.