बॅटरीत घालायचं पाणी

साजगावहून मी रोज सायकलने खोपोलीच्या नाक्यावर यायचो. घाट चढण्याआधी ट्रक तिथे थांबत. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करणं, विकणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. समुद्राशी माझा कधीच संबंध नव्हता. सत्तर सालानंतर रेवसकडच्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाने, होडीला बसवायला ट्रकचं जुनं इंजिन खोपोलीतून नेलं आणि सेल्फसाठी, म्हणजे इंजिन बटणाने सुरू करायला, बॅटरी हवी म्हणून तो माझ्याकडे आला.

बॅटरी निवडायला आम्ही दोघांनी अर्धा दिवस घालवला. त्याला आकाराने मोठी ती चांगली वाटत होती. मी समजावलं, की थंड डिझेल इंजिन फिरवायला पहिल्या झटक्यातच जोर लागतो, म्हणून आत प्लेटी जास्त असलेली घ्या. दिव्यांना वेगळी ठेवा, नाहीतर ऐन वेळी सेल्फ लागणार नाही. लाटांनी हलू नये म्हणून घट्ट बांधा, टोकं सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावा. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. निघताना मी म्हणालो, "पाणी कमी झालं की पाणी घालत जा." ट्रकवाल्यांनाही मी एवढंच सांगायचो.

पुढच्या होळीच्या सुमारास तो त्यातली एक बॅटरी घेऊन एसटीने आला. सेल्फ मारला की नुसता टक् आवाज होतो, म्हणाला. मी झाकणं उघडून ती चार्जिंगला लावली. थोड्याच वेळात दुकानात ब्लीचिंग पावडरसारखा, पण कितीतरी तिखट वास भरला. घसा आवळला, डोळ्यांतून पाणी आलं. मी बटण बंद केलं आणि त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

"पाणी कोण घालतं हिच्यात?"

"माजा भाव. इंजिनावर तोच असतो."

"कुठलं घालतो?"

काय विचारतोय हा, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "दर्याचं. दुसरं कुठलं हाय तितं?"

मग त्याने आपणहून सांगितलं. भाऊ दोन महिने खोकतोय, डॉक्टरला टीबीचा संशय आहे. लाटांचं पाणी उडतं म्हणून इंजिनखोलीचं दार तो लावून घेतो. दुसरी बॅटरी तिथेच आहे आणि होडी आज दुपारच्या भरतीला निघणार.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं; खाऱ्या पाण्याने चार्ज होताना तिच्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि तो त्या बंद खोलीत साठत होता. मी दुकानाला कुलूप लावलं. पेणला आम्ही बस बदलली. नंतर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुमीच सांगितलं हुतं, मिस्तरी, पाणी घाल म्हनून." आवाजात राग नव्हता.

आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा होडी गेलेली होती. निरोप धाडायची काही सोय नव्हती. भावाची बायको आमच्यासाठी भात घेऊन आली. बॅटरीवाला इतक्या लांब कशाला आला, असं तिने दिराला विचारलं. त्याच्याआधी मीच म्हणालो, दुसरी बॅटरी बघायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी आली ती दुसऱ्या एका होडीला दोर बांधून. भाऊ जाळ्यांवर निजवलेला होता. ओठ काळेनिळे पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. खलाशी सांगत होता, इंजिनखोलीचं दार ढकललं तर हा त्यालाच टेकून बसलेला. त्याला अलिबागला नेलं. मी नाकाला ओला टॉवेल बांधून खाली उतरलो. दार उघडून इतका वेळ झाला होता तरी वास तिथेच होता. बॅटरी सोडवून मी वर आणली.

तो जगला. टीबी नव्हता, पण छाती पुन्हा धड झाली नाही. होडीवर त्याला चढता येईना. तो किनाऱ्यावर जाळी विणू लागला आणि चार शब्द बोलले की श्वासासाठी थांबू लागला. इंजिनखोलीला तांडेलाने खिडकी पाडली. त्यानंतर बॅटरीपाशी दुसऱ्या कुणाला तो जाऊ देत नसे. मी वर्षातून दोनदा रेवसला जायचो, बरोबर डिस्टिल्ड वॉटरचे कॅन न्यायचो. भाऊ मला बसायला जागा द्यायचा, ट्रकांच्या गोष्टी विचारायचा. त्याच्या बायकोने मात्र माझ्याशी पुन्हा कधी बोलणं केलं नाही. मी अंगणात आलो की ती आत जाऊन दार लावून घ्यायची.