न मोजलेले चिकू

ते वर्ष आठवायला बसलं की सगळं थोडं धूसरच दिसतं. पालघर जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी झरीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते आणि नरपडला सासरच्या चिकूच्या वाडीत राहत होते. पोटात सहावा महिना होता. दिवसभर डोळ्यांवर पेंग असायची. डहाणूहून एसटीत बसले की झोप, तलासरीला उतरून झरीच्या रिक्षात बसले की झोप, आणि मुलं एका सुरात पाढे म्हणायला लागली की खुर्चीत बसल्या बसल्या झोप. पूर्ण जागी अशी मी त्या दिवसांत क्वचितच असेन.

मी मुळात जाडी. हे आधीच सांगून टाकते. लहानपणी जाडी, लग्नात जाडी, आणि दिवस राहिले तेव्हा तर इतकी की पाचव्या महिन्यापर्यंत शेजारणींना पत्ताच लागला नाही. वजनकाट्यावर उभं राहताना मी नेहमी समोरच्या भिंतीकडे बघत आले. कुणी थट्टा करायच्या आत आपणच करून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी युक्ती. पण आतून राग यायचा, आणि तो मी दिवसचे दिवस धरून ठेवायचे. जाड माणसं आनंदी असतात असं कुणी म्हटलं की मला त्याच्या अंगावर जाऊन बसावंसं वाटतं.

डहाणूतल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत नीट सांगितलं होतं. उपास करायचे नाहीत, वजन उतरवायचं तर मुळीच नाही. फक्त ते फार वाढू द्यायचं नाही. ताटात अर्धी जागा भाजीला, एक भाकरी, डाळ किंवा मासळी, भात वाटीभर. थोडं थोडं, दर तीन तासांनी. जेवणानंतर चालायचं. गोड बंद. मी हट्टी आहे, एकदा मनावर घेतलं की घेतलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीकडून मी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणू लागले. चहातली साखर गेली, दिवाळीचा फराळ मी नुसता डोळ्यांनी पाहिला. संध्याकाळी नरपडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून चालायचे. ओहोटीला समुद्र इतका लांब जायचा की त्याचा आवाज दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटायचा. त्या आवाजात पाय आपोआप पडायचे, आणि बाळ आत हळूच कूस बदलायचं.

आणि तरीही सहाव्या महिन्याच्या तपासणीत साखर जास्त निघाली.

"असं होतं कधी कधी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आवरायला हवी. तुमच्या रक्तातली साखर बाळाला मिळते. जास्त मिळाली की ते वाजवीपेक्षा मोठं होतं. आणि जन्मल्यावर नाळ तुटली की त्याची स्वतःची शुगर एकदम खाली येऊ शकते. मग त्याला जपावं लागतं." त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, पण माझी कित्येक आठवड्यांची पेंग त्या एका वाक्याने उतरली. माझ्या खाण्याची शिक्षा मला होईल हे मी लहानपणापासून धरून चालले होते. ती दुसऱ्या कुणाला होईल, तीही जन्मल्या जन्मल्या, हे कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी एक वही करायला सांगितली. तोंडात जे जे जाईल ते तिच्यात लिहायचं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर इन्सुलिन, आणि बाळंतपण लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात.

मी शिक्षिका. वह्या कशा असाव्यात हे मी मुलांना शिकवते. माझी ती वही अशी होती की तिला बक्षीस मिळालं असतं. समास आखलेला, तारीख, वेळ, पदार्थ. नागलीची भाकरी एक. मेथीची भाजी दीड वाटी. बोंबील दोन, तेल कमी. ताक. भाजलेले चणे, मूठभर. एक दिवस शाळेत वाढदिवसाची चॉकलेटं वाटली, त्यातलं अर्धं खाल्लं, तेही लिहिलं आणि शेजारी चूक असा शेरा स्वतःच मारला.

दोन आठवड्यांनी साखर आधीपेक्षा वर होती. डॉक्टरबाईंनी वही सावकाश वाचली, मिटली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सगळं खरं लिहिलंय ना?"

जाड बाईला हा प्रश्न आयुष्यभर विचारला जातो. कुणी तोंडाने विचारतं, कुणी नजरेने. मी वही उचलली आणि बाहेर आले. रिक्षात नवऱ्याला म्हटलं, "मी खोटी आहे म्हणे." त्याने खिशातून एक पिकलेला चिकू काढला, दोन भाग केले आणि माझ्या हातात ठेवले. मी रागारागात ते दोन्ही खाल्ले, बिया पर्सच्या कप्प्यात टाकल्या, आणि नरपड येईपर्यंत डोळे पुसत राहिले.

इथे चिकूचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे चिकू हे काही खाणं नाही. चांगला माल धुऊन, निवडून खोक्यांत भरला जातो आणि गाडीने बाहेरगावी जातो. लहान, वेडावाकडा, डाग पडलेला घरात राहतो. पडवीच्या कोपऱ्यात पेंढ्यात तो पिकत असतो. येता-जाता कुणीही वाकतं, अंगठ्याने दाबून बघतं, मऊ लागला की तिथेच उभ्या उभ्या संपवतं. पाहुण्यासमोर आम्ही चिकूची ताटली ठेवत नाही, जाताना पिशवी भरून देतो. पाणी प्यायलेलं जसं कुणी लक्षात ठेवत नाही, तसे आम्ही चिकू लक्षात ठेवत नाही. गोड बंद करायला सांगितलं तेव्हा मी साखर, गूळ, मिठाई, बिस्किटं, आंबासुद्धा आठवून आठवून बंद केला. चिकू मनात आलाच नाही.

त्यातून विहिरीजवळचं जुनं झाड. त्याचा चिकू बारीक, पण विलक्षण गोड. त्या झाडाचं फळ कधी विकलं जात नसे. घरात कुणी पोटुशी असली की ते तिच्या वाट्याचं, नसली की वाटून टाकायचं, हा सासूबाईंच्या सासूपासूनचा रिवाज. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी त्या झाडाचे पिकलेले चिकू वेगळे काढायच्या. दोन माझ्या डब्याच्या पिशवीत, दोन परतल्यावर, दोन झोपताना उशाशी. त्या सालं काढून, रवाळ गर बशीत ठेवायच्या आणि मी खाईपर्यंत शेजारी बसायच्या. त्यांना माझ्या जाडेपणाचं कधी काही वाटलं नाही. मला त्या बशीचा वास अजून कधी कधी दुपारच्या झोपेत येतो.

बिया मात्र मी फेकत नसे. चिकूची बी काळी, गुळगुळीत, हातात धरावीशी. त्या मी धुऊन शाळेत न्यायचे, पहिलीच्या मुलांना मोजायला. जुन्या बिया मुलांनी खेळायला घरी नेऊन संपवल्या होत्या, आणि वही सुरू केली त्याच आठवड्यात मी रिकामा डबा पुन्हा भरायला घेतला होता. दुसऱ्या कुणाच्या तोंडातली बी नेणं मला कसंसंच वाटे, म्हणून सगळ्या माझ्याच.

त्या रिक्षाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना दहाचे ढीग करायला बसवलं. थंडीचे दिवस होते, झरीच्या टेकड्यांवरचं धुकं दहा वाजले तरी हललं नव्हतं, आणि मुलं ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात बसून एक एक बी सरकवत होती. मी भिंतीला टेकून अर्धवट डोळे मिटले होते. दहा, दहा, दहा असा आवाज लांबून येत होता. शेवटी कुणीतरी ओरडलं, "बाई, तीस ढीग झाले नि चार उरल्या."

मावशी दारात तांदूळ निवडत बसली होती. ती सगळ्यांनाच एकेरी बोलायची, तपासणीला आलेल्या साहेबांनासुद्धा. आधीच्या दिवशी डॉक्टरांकडे काय झालं ते मी तिला सकाळी आल्या आल्या रागाने सांगून टाकलं होतं. तिने ढिगांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, ह्या बिया तूच आनलास ना?"

"हो."

"मंग चिकूबी तूच खाल्लास."

एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. एका चिकूत साधारण तीन बिया. तीनशे चार बिया. दोन आठवडे. हा हिशेब मी स्वतः दुसरीला शिकवते. शंभर चिकू, दिवसाला सात. समास आखलेल्या वहीत त्यातला एकही नव्हता, आणि मी खोटंही बोलले नव्हते. मला हसू आलं, मग इतकी लाज वाटली की मुलांना सुट्टी आधीच दिली.

घरी आले तेव्हा आई बशी घेऊनच पडवीत बसल्या होत्या. मी सांगितलं, आता चिकू नको.

"चिकूने काय होतंय?" त्या म्हणाल्या. "फळ आहे ते. माझ्या तिन्ही वेळी मी ह्याच झाडाचे खाल्ले. काय बिघडलं कुणाचं?"

नेहमीप्रमाणे मी एखादा विनोद करून वेळ मारून नेली असती. पण तो आला नाही. "आई, तुमचं अंग वेगळं होतं," मी म्हणाले. "माझं जड आहे. माझ्या अंगाला हे झेपत नाही, आणि त्याचा त्रास बाळाला होणार आहे." थट्टेशिवाय हे मी पहिल्यांदाच बोलत होते. आईंनी बशी उचलली. मग आत जाऊन त्यांनी ती मोलकरणीच्या पोरींना दिली, आणि संध्याकाळभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्यांच्याजवळ मला द्यायला दुसरं काय होतं, आणि तेच मी परत केलं होतं.

सकाळी पडवीतला पेंढा झाडून काढलेला होता. विहिरीजवळच्या झाडाचे चिकू त्या दिवशी इतर मालाबरोबर खोक्यांत गेले. आई गाडी वळणावर जाईपर्यंत फाटकात उभ्या होत्या. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल, चालायचंय ना?" त्या दिवसापासून त्या रोज बरोबर यायच्या. माझ्याहून भरभर चालायच्या आणि पुढे जाऊन थांबायच्या.

डॉक्टरबाईंकडे मी स्वतः गेले. म्हटलं, मी खोटं लिहिलं होतं, पण ते मलाच माहीत नव्हतं. त्यांनी शंभर हा आकडा दोनदा ऐकला. मग म्हणाल्या, "चुकलं माझंही. मी सगळ्यांना विचारते, गोड खाता का. ह्या गावात चिकू किती खाता असं विचारायला हवं." आमचा राग तिथे मिटला. माझा जरा उशिराच, पण मिटला.

पुढचे महिने बोट टोचण्यात गेले. साखर उतरली, पण एकदम नाही. कधी दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी कारण नसताना वर. शेवटच्या महिन्यात थोडं इन्सुलिन लागलंच. मला वाटलं मी हरले. "औषध आहे ते, शिक्षा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे मी दंड पुढे केला. त्या दिवसांत स्वप्नं फार पडायची. एका स्वप्नात ओहोटीचा सगळा किनारा चिकूंनी भरलेला होता, ओले, तपकिरी, क्षितिजापर्यंत. मी त्यांच्यावर पाय न पडू देता चालत होते आणि पोटातलं बाळ माझ्या पुढे चालत होतं, पाठमोरं. हाक मारायला त्याला नाव नव्हतं. मी जागी झाले की पहिल्यांदा पोटावर हात ठेवायचे, ते हलेपर्यंत थांबायचे, मग उठायचे.

मुलगी डहाणूतच झाली. वजन बेताचं, रडणं मात्र जोरदार. सगळे हसत होते, मी एकटीच सिस्टरच्या हातांकडे बघत होते. तिने मुलीची इवलीशी टाच धरली, टोचली, आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. तीन महिने मी माझी बोटं टोचली होती, कधी हूं केलं नव्हतं. तो एक थेंब बघून मी तिला घ्यायला हात पुढे केले.

"थोडी कमी आहे," सिस्टर म्हणाली. "घाबरू नका. लगेच अंगावर घ्या, पाजा तिला. मग परत बघू."

मी तिला जवळ घेतलं. तिला जमेना, मला जमेना. मग आईंनी मागून माझी पाठ धरली, सिस्टरने तिचं डोकं धरलं, आणि एकदाची ती ओढायला लागली. किती वेळ गेला ठाऊक नाही. सिस्टर परत आली, दुसरी टाच टोचली, आकड्याकडे बघितलं.

"आली वर," ती म्हणाली. "छान आली. आईच्या दुधानेच आली."

इतके दिवस ज्या अंगाची साखर आम्ही सगळे मिळून खाली आणत होतो, त्याच अंगाने तिची वर आणली होती. ज्या अंगाबद्दल मी तीस वर्षं ओशाळत आले, त्याने. मी हुंदके देऊन रडले, आणि ती माझ्या रडण्याने हलत हलत दूध पीत राहिली. सिस्टरने विचारलं, काही हवंय का. चारचौघांत मी ते कधी म्हणत नसे, जाड बाईने म्हणू नये असं मला वाटे. त्या दिवशी तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "मला भूक लागलीय."