पेढ्यांच्या खोक्यातले ढालकिडे

आमच्या ह्यांना सगळं अंबरनाथ विष्णुपंत म्हणतं. मी ‘अहो’वर भागवते. नोकरीची सगळी वर्षं कीटकनाशकांच्या कारखान्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर गच्चीतल्या कुंड्यांवरही ह्यांची फवारणी सुरूच. आणि मला दमा! फवारलं की मी आठवडाभर गच्चीचं तोंड बघायची नाही. खाली दोन खोल्यांत जीव गुदमरायचा, वर औषधाने.

२००४च्या हिवाळ्यात माझ्या चवळीच्या वेलावर मावा पडला. कोवळे शेंडे काळे, चिकट झाले. ह्यांनी औषधाची बाटली काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत कपाटात ठेवली.

“वेल गेला तर जाऊ दे,” म्हणाले.

पण त्या वेलाखाली बसूनच मला जरा मोकळा श्वास घेता यायचा. तो वाळताना बघून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी हे बदलापूर गावात कौसाबाई भाजीवालीच्या मळ्यात गेले आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यातून ढालकिडे घेऊन आले. लाल पाठ, तिच्यावर काळे ठिपके. “मावा हेच ह्यांचं जेवण,” असं सांगत भर दुपारी खोकं उघडलं. पाहुणे जेवायला न थांबता भुर्रकन शेजारच्या बिल्डिंगकडे! हसता हसता मला ठसका लागला.

माणूस हट्टी. पुन्हा मळ्यात गेले. कौसाबाई म्हणाली, “सायेब, भाजी सोडून किडं काय नेता?” ह्या वेळी ह्यांनी ऊन उतरू दिलं, वेलावर पाणी शिंपडलं, मग खोकं उघडलं. किडे पानांखाली शिरले आणि राहिले.

पुढे पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. मी चप्पल उचलली, तर हे केवढ्याने ओरडले, “अगं, पिल्लं आहेत ती त्यांची!” जन्मभर किडे मारायची औषधं बनवणारा हा माणूस! पिल्लंही खादाड निघाली. बघता बघता मावा फस्त. वेलाला नवे शेंडे फुटले, शेंगा धरल्या.

थंडी सरताना एका संध्याकाळी हे पुन्हा तसंच खोकं घेऊन आले. मी मुकाट्याने वेलावर पाणी शिंपडलं, खोकं पानांशी धरून हळूच झाकण उघडलं. आत खरोखरचे पेढे.

“कशाचे हो?”

“यंदाच्या थंडीत तुला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही.”

मी एक पेढा ह्यांना भरवला आणि वेलाकडे वळून, कुणी हसेल याची पर्वा न करता, हात जोडले.