साहेबांची माघार

म्हैसूरजवळच्या बोगादीत सदाशिवराव मान्यांचं घर विचारलं, तर लोक घराचा नंबर सांगत नाहीत. 'मिलिटरी लॉरी स्वयंपाकघरात शिरायला निघालीय, ते घर,' असं सांगतात. पत्ता चुकत नाही.

सदाशिवरावांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. ते नेमके कोणत्या लढाईत लढले हे घरात कुणालाच माहीत नाही. कुठल्याही लढाईत मागे हटले नाहीत, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. स्वतः सदाशिवराव अठराव्या वर्षी भरतीला गेले, तळवे सपाट निघाले आणि संध्याकाळच्या बसने घरी आले. ही माघार घराण्यात धरत नाहीत, कारण ती डॉक्टरने घेतली. पण लष्कराने आपल्याला नाकारलं म्हटल्यावर, लष्कराने जे जे नाकारलं ते सदाशिवरावांनी जवळ केलं. गेली पस्तीस वर्षं लिलावात निघालेले लष्करी ट्रक आणि ट्रेलर दुरुस्त करून ते त्यांना नागरी आयुष्याची सवय लावतात. आधी रंग बदलायचा, कारण तो हिरवा इतरांना मना. मग ब्रेक, मग वायरिंग. या गाड्या चोवीस व्होल्टच्या. नवखा मेकॅनिक साध्या गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब लावतो, आणि तो बल्ब एक क्षण फार सुंदर पेटतो.

त्यांच्या हातचे ट्रक कोडगूच्या इस्टेटींत लाकडं ओढतात, ट्रेलर नंजनगूडच्या रस्त्यावर पाण्याच्या टाक्या वाहतात. एक ट्रेलर गोकुलममध्ये, योग शिकायला आलेल्या परदेशी मंडळींना कसलासा हिरवा रस विकतो. सदाशिवराव महिन्यातून एकदा त्याच्या चाकांची हवा बघायला जातात. रसाचा ग्लास नम्रपणे घेतात आणि मालकाची पाठ वळली की झाडाला घालतात.

सगळ्यांना मार्गी लावलं, एक सोडून. तो घराच्या अंगणातला तीन टनी ट्रक. त्याला सदाशिवराव 'साहेब' म्हणतात. त्यांच्या पत्नी जयलक्ष्मी 'तुमचे पाहुणे' म्हणतात, कारण अकरा वर्षांपूर्वी ते दोन दिवसांसाठी आले होते.

साहेब स्वयंपाकघराकडे कसे निघाले, तेही सांगायला हवं. दरवर्षी आयुधपूजेला गाडी धुवायची, हार घालायचा, कोहळा फोडायचा आणि चारही चाकांपुढे लिंबं ठेवून ती चिरडत गाडी पुढे न्यायची, ही रीत. साहेबांचं इंजिन बंद. मग गल्लीतली सहाजणं मिळून ढकलत. अंगणाचा उतार घराकडे, त्यामुळे साहेब दरवर्षी फूटभर पुढे येत आणि पुन्हा मागे जायचं नाव काढत नसत. जयलक्ष्मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या दरवर्षी बंपरच्या रेषेत फरशीवर खडूने खूण करत. यंदा बंपर आणि खिडकी यांच्यात दीड फूट उरलं होतं.

"री," श्रावणात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमचे पाहुणे माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत येतील. यंदा इंजिनाच्या बळावर चारही लिंबं चिरडायची. कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्या पवनकुमारला बोलावते. आयतु."

'आयतु' म्हणजे झालं, संपलं. हा शब्द त्या शाळेत घंटेच्या आधी वापरत.

दोन महिने सदाशिवराव साहेबांच्या पोटाखाली राहिले. पंप उघडला, पिस्टन काढले, लष्कर मोहल्ल्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत धुळीत बसून बेअरिंगं शोधली. सोबत वेल्डर मंजुनाथ, पन्नाशीचा आणि आशावादी. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी गिअरबॉक्स चढवली. पूजेच्या सकाळी आठला साहेबांनी दोनदा खाकरून काळा धूर सोडला आणि इंजिन सुरू झालं. सदाशिवरावांचे डोळे भरून आले. धुरानेही येतात.

मग त्यांनी गिअर टाकला. तो पडला रिव्हर्स. काढायला गेले, तर निघेना. दांडी हलवली, ठोकली, तिला साहेबांच्या आईची शपथ घातली. आतला तुकडा रिव्हर्सला धरून बसला होता, आणि तो सुटेपर्यंत दुसरा गिअर पडणार नव्हता. पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची म्हणजे दोन दिवस. मुहूर्त साडेअकराचा.

पवनकुमार बोलावण्याआधीच येऊन चुरमुरे खात बसला होता. ट्रककडे तो अशा नजरेने बघत होता, ज्या नजरेने लग्नाच्या जेवणात काहीजण शेवटच्या जिलबीकडे बघतात.

मंजुनाथ कानाशी आला. "राव्रे, क्लच दाबून धरा, ब्रेक सोडा. उतार आहे. इंजिन घुर्र करत राहील, गाडी पुढे जाईल. टीचरना काय कळणार?"

सदाशिवरावांनी विचार केला. खोटं बोलायचा पूर्ण मिनिटभर विचार केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण साहेबांना ढकललेलं चालत होतं, फसवलेलं चाललं नसतं. ते खाली उतरले. हातातल्या फडक्याला विनाकारण हात पुसत बायकोसमोर उभे राहिले.

"टीचर," ते म्हणाले. एरवी ते 'जया' म्हणत. "इंजिन झालं. पण साहेब फक्त मागे जातात."

पवनकुमारचं चुरमुरे चावणं थांबलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं गल्लीला पणजोबा ऐकवले, त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं.

"फक्त मागे?"

"फक्त."

जयलक्ष्मींनी बंपर बघितला, खिडकी बघितली, खडूच्या अकरा खुणा बघितल्या. मग वाकल्या, पुढच्या चाकांसमोरची दोन लिंबं उचलली, मागच्या चाकांसमोरची दोन उचलली, आणि चारही नेऊन चाकांच्या मागच्या अंगाला ठेवली. पदराने हात पुसले.

"अक्का, हे चालत नाही," पवनकुमार उठला. "पुढेच जायचं असतं!"

"अट मी घातली होती. त्यात दिशा दिली नव्हती," जयलक्ष्मी म्हणाल्या. "दिलेलं नाही ते धरायचं नाही. सातवीची पोरं चुकतात हे. सुम्ने, गप्प बस आणि चुरमुरे खा."

सदाशिवराव चढले. मंजुनाथ मागे उभा राहून "हिंदे, हिंदे" ओरडू लागला, जणू मागे हे कुणाला सांगायची गरज होती. साहेब थरथरले. एक लिंबू फुटलं, दुसरं फुटलं, उरलेली दोन एकदम. आणि कुणी हात न लावता साहेब उतार चढत, एकेक खूण मोकळी करत, पार मागच्या फणसापर्यंत गेले. अकरा वर्षांत ढकलून जे कमावलं होतं, ते अर्ध्या मिनिटात परत केलं. सदाशिवरावांनी इंजिन बंद केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कित्येक वर्षांनी ऊन आत गेलं आणि थेट कुकरवर पडलं.

पवनकुमार प्रसादाचा कागद खिशात घालून निघून गेला.

सदाशिवराव खाली उतरले. चेहऱ्यावर अभिमान ठेवावा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. "दोन दिवसांत गिअरबॉक्स उतरवतो," ते म्हणाले. "पुढचे गिअरही करून टाकतो."

जयलक्ष्मी फरशीवरच्या खुणा ओल्या फडक्याने पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या गिअरला हात तर लावून बघा," त्या म्हणाल्या.